एक अंडी, दोन पिझ्झे

मे महिन्यात बहिणीची नात न्यू जर्सीहून महिनाभर राहायला आली होती. वय बारा. मराठी तिला कळतं सगळं, पण बोलताना ती एकाच लिंगात बोलते. भात ते, पोळी ते, आमटीही तेच. "मावशीआजी, ते चटणी दे ना." पहिले दोन दिवस मी दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. पोरगी पोटभर जेवतेय ना, मग चटणीचं लिंग कुणी बघायचं!

एका सकाळी अंडी उकडली होती. ती म्हणाली, "मला एकच अंडी दे." मी हसून सांगितलं, "एक असलं की अंडं म्हणायचं, बाळा." तिने लगेच मला पकडलं. "पण तू काल म्हणालीस, ती अंडी फ्रिजमध्ये ठेव. ती म्हणजे शी ना? मग एक अंडी, दोन अंड्या." मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं चुकलं होतं, यात शंका नाही. पण चुकलं कुठे, हे सांगायला माझ्याजवळ नियम नव्हता.

संध्याकाळी पिझ्झा मागवला. बेल वाजली तशी मी ओरडले, "पिझ्झा आला!" ती शाळेत दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय. म्हणाली, "आला नाही, आली. शेवटी आ असला की ला लावायचं. ला पिझ्झा. इटालियनमध्येपण तसंच. ती बाई आहे, तुम्ही बुवा का करता?"

मी कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं. पुल्लिंगी नामं निळ्या शाईत आणि स्त्रीलिंगी लाल शाईत लिहायची, असा बाईंचा दंडक होता. वही बघितली की मारामारी झाल्यासारखी दिसे. त्यामागची गोष्ट तेव्हा कुणी सांगितली नाही, मीही विचारली नाही. ती शोधायला लावली या पोरीने.

अंड्यापासूनच सुरुवात करते, कारण तिने जी चूक केली तीच दीड-दोन हजार वर्षांपूर्वी अख्ख्या रोमन साम्राज्याने केली होती. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं. झाडाच्या पानाला म्हणत 'फोलिउम', नपुंसकलिंगी. त्याचं अनेकवचन 'फोलिया'. आता गंमत अशी की लॅटिनमध्ये पुष्कळ स्त्रीलिंगी नामांचं एकवचनही आकारान्तच असे: रोझा म्हणजे गुलाब, स्तेला म्हणजे चांदणी. पानं काही कुणी एकेक मोजत नाही, ती ढिगानेच बोलण्यात येतात. बाजारातल्या, शेतातल्या, छावणीतल्या लोकांच्या तोंडी 'फोलिया'चा अर्थ हळूहळू आपल्या 'पाला'सारखा झाला आणि एकदा पाला म्हटलं की ती एकच वस्तू. शेवटी आ ऐकू येतो, म्हणजे ती बाई. म्हणून पान हे आज फ्रेंचमध्ये फॉय, इटालियनमध्ये फोल्या, पोर्तुगीजमध्ये फोल्य, स्पॅनिशमध्ये ओहा आहे आणि चारही ठिकाणी ते स्त्रीलिंगी एकवचन आहे. 'लिग्ना' म्हणजे लाकडं. त्याचं स्पॅनिशमध्ये झालं 'लेन्या', म्हणजे सरपण, तेही स्त्रीलिंगी. 'गाउदिया' म्हणजे आनंद, अनेकवचनात. फ्रेंचांनी त्यातून एकच घसघशीत स्त्रीलिंगी 'ज्वा' काढला.

आता आपली 'ती' बघा. ती मुलगी, ती वेल, ती खुर्ची. आणि ती मुलं, ती पानं, ती अंडी. नपुंसकलिंगाचं अनेकवचन आणि स्त्रीलिंगाचं एकवचन यांना मराठी एकच सर्वनाम वापरते. शिवाय 'अंडी'ला शेवटी ई, घोडीसारखीच. ज्या फटीतून लॅटिनचं पान घसरलं ती फट आपल्या भाषेत उघडी आहे. आपण तिच्यावरून रोज उडी मारून जातो. न्यू जर्सीच्या पोरीचा पाय पडला इतकंच.

इंग्रजीत तर हा प्रकार आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. 'डेटा' हे लॅटिन 'दातुम'चं अनेकवचन. इंग्रजीचे सोवळे लोक अजून त्याला अनेकवचनी क्रियापद लावतात, बाकी जग एकवचनी लावून मोकळं झालंय. 'अजेंडा' मूळचा अनेकवचनी होता, हे तर सोवळ्यांनीही सोडून दिलं. हे शब्द आपल्याकडे आले तेव्हा पार एकवचनी पुल्लिंगी झाले. "आज डेटा लवकर संपला."

सगळी नपुंसक नामं अशी बाया झाली नाहीत, बरीचशी बुवांच्यात बसली. काही थोडी मात्र उंबरठ्यावरच राहिली, आणि मला सगळ्यात आवडतात ती हीच. इटालियनमध्ये एक अंडं पुल्लिंगी असतं, 'उओवो'. दोन झाली की ती स्त्रीलिंगी होतात, 'उओवा'. एक बाहू बुवा, दोन बाहू बाया. बोटाचं आणि ओठाचंही तसंच. रोमानियन भाषेत तर अशा नामांचा एक स्वतंत्र वर्गच आहे: एकवचनात पुल्लिंगाचे नियम, अनेकवचनात स्त्रीलिंगाचे. खुर्चीसुद्धा त्यात येते. हे वाचून मला आधी हसू आलं. मग आठवलं, तो माणूस आला. आणि माणसं? ती माणसं आली. एकटा असताना पुल्लिंगी असलेला माणूस चारचौघांत गेला की नपुंसकलिंगी होतो. आयुष्यभर हे वाक्य बोलत आले, कधी खटकलं नाही.

लॅटिनची नपुंसक नामं अनाथ झाली तेव्हा तिच्या लेकींनी ती वाटून घेतली, पण वाटणीत एकमत नव्हतं. दूध फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. मधाचंही तेच. समुद्र इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये तो, फ्रेंचमध्ये ती, आणि स्पॅनिशमध्ये दोन्ही चालतं. नपुंसक नसलेल्या शब्दांनीही जागा बदलल्या. लॅटिनमध्ये फूल पुल्लिंगी होतं. इटालियनने ते तसंच ठेवलं, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीजने त्याची बाई केली. झाड लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, या चौघींत आज फक्त पोर्तुगीजमध्ये ते तसं आहे. लिस्बनहून माद्रिदला जाताना सरहद्द ओलांडली की पुलाचं लिंग बदलतं, मिठाचं बदलतं, नाकाचंही. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपण पुण्याहून इंदूरला गेलो की पुस्तकाची ती होते आणि दह्याचा तो होतो. हिंदीनेही तिसरं घर मोडलं. मराठी, गुजराती, कोकणी यांनी टिकवलं.

फळांचं एक सांगून पुढे जाते. लॅटिनमध्ये नासपतीचं झाड स्त्रीलिंगी, फळ नपुंसकलिंगी. आपल्याकडे ती केळ आणि ते केळं, ती जांभूळ आणि ते जांभूळ. अगदी तोच घाट. पुढे लॅटिनचं नपुंसक गेलं, फळांच्या अनेकवचनातला आ बाई झाला, मग झाडाला बुवा होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्पॅनिशमध्ये सफरचंद 'मान्साना' ती, आणि तिचं झाड 'मान्सानो' तो. संत्र्याचंही तसंच.

आता पिझ्झा. हा प्रश्न अंड्यापेक्षा अवघड निघाला.

लॅटिन 'रोझा'च्या शेवटचा आ आणि संस्कृत 'लता'च्या शेवटचा आ हे एकाच मूळ भाषेतून आलेले सख्खे भाऊ, किंवा बहिणी म्हणा. म्हणून शाळा, भाषा, कविता, विद्या सगळ्या स्त्रीलिंगी. म्हणून माया आणि शोभा या मुली, आणि मारिया, आना याही मुलीच. या हिशेबाने पिझ्झा ही 'शाळे'च्या रांगेत बसायला हवी होती. पण मराठीत दुसराही एक आ आहे. संस्कृत 'घोटक'च्या शेवटचा 'क' प्राकृतात झिजला, उरलेले स्वर एकमेकांत मिसळले आणि 'घोडा' झाला. आंबा, गळा, दोरा, डबा सगळे याच तबेल्यातले. पहिला आ ग्रंथांतून आलेला, दुसरा घरात वाढलेला. परका शब्द दारात आला की मराठी कान त्याला ग्रंथात नेत नाही, घरात घेतो. म्हणून तो पिझ्झा, तो पास्ता, तो सोफा, तो कॅमेरा. आणि घोडा-घोडे तसे दोन पिझ्झे.

हे आजचं नाही. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या शब्दांचं आपण हेच केलं. पोर्तुगीज 'बटाटा' स्त्रीलिंगी आहे. आपण तिचा शब्द जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, शेवटचा आसुद्धा ठेवला, आणि नेमक्या त्या आमुळेच तिचा बुवा झाला. त्यांच्या कानाला जी खूण बाईची, ती आपल्या कानाला बुवाची. 'शाव्ह'ची चावी झाली, तिला ई चिकटली म्हणून ती बाईची बाई राहिली. 'बाल्द' पुल्लिंगी होता, आपल्या विहिरीवर येऊन बादली झाली. 'प्रातु' हाही पुल्लिंगी, तो परात झाला. 'पीपा' स्त्रीलिंगी, तिचं झालं ते पिंप. कुणी समिती बसवली नव्हती. पाणी भरणाऱ्या, कणीक मळणाऱ्या बायांनी आणि बाजारातल्या गड्यांनी हे ठरवलं आणि त्यावर पुन्हा वाद झाला नाही.

समिती बसते तेव्हा काय होतं हे २०२० च्या मे महिन्यात दिसलं. सगळं फ्रान्स 'ल कोव्हिड' असं पुल्लिंगात बोलत असताना फ्रेंच अकादमीने जाहीर केलं की या नावात 'रोग' दडलेला आहे, फ्रेंचमध्ये रोग स्त्रीलिंगी आहे, तेव्हा 'ला कोव्हिड' म्हणावं. तर्क बिनचूक होता, पण तोवर लोकांच्या जिभेला दुसरं वळण लागलं होतं. आपल्याकडे "त्याला कोरोना झाला" हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच. लॅटिनमध्ये 'कोरोना' म्हणजे मुकुट, स्त्रीलिंगी. पण आ होता ना शेवटी.

मग लिंग म्हणजे नक्की काय? आपल्या शब्दामुळे घोटाळा होतो. लॅटिन 'गेनुस'चा अर्थ जात, प्रकार. आपण 'लिंग' म्हटलं, आणि खूण हा त्याचा जुना अर्थ बाजूला पडून शरीर डोळ्यांसमोर उभं राहिलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलींनी महाभाष्यात हा प्रश्न घेतलाय. शरीराच्या खुणांवरून लिंग ठरवायचं तर खाटेला आणि झाडाला कुठल्या खुणा आहेत, असं विचारून त्यांनी बराच खल केला आणि शेवटी लोक बोलतात त्यावर सोपवलं. संस्कृतात बायकोला भार्या म्हणावं तर स्त्रीलिंगी, दार म्हणावं तर पुल्लिंगी आणि कायम अनेकवचनी, कलत्र म्हणावं तर नपुंसकलिंगी. बायको तीच. त्याच्याही आधी ग्रीसमध्ये प्रोटागोरासची तक्रार होती की राग हा शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी आहे, तो खरं तर पुल्लिंगी हवा. त्याच्या काळच्या नाटककाराने, ॲरिस्टोफेनिसने, असल्या व्याकरणाची रंगभूमीवर यथेच्छ टिंगल केली.

अलीकडे एक समज पसरलाय. ज्या भाषेत पूल स्त्रीलिंगी तिथल्या लोकांना तो नाजूक, देखणा वाटतो, ज्या भाषेत पुल्लिंगी तिथे दणकट. एका प्रयोगावरून ही गोष्ट जगभर गेली; इतरांनी पुन्हा करून पाहिलं तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. मला या गोष्टीवर कधीच विश्वास ठेवता आला नाही. डोंगर तो, टेकडी ती, शिखर ते. कळसूबाई चढताना दम तिन्ही लिंगांत सारखाच लागतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ मध्ये केलेली व्याख्या मला जास्त पटते: नामाचं लिंग त्याच्या भोवतालच्या शब्दांच्या वागण्यात दिसतं. 'वेळ' या शब्दाकडे कितीही निरखून बघा, काही कळणार नाही. "माझा वेळ गेला" आणि "माझी वेळ गेली" म्हटलं की शेजारी बोलतात आणि अर्थही बदलतो. स्पॅनिशमध्ये 'कोलेरा'ला पुल्लिंगी उपपद लावलं की पटकी, स्त्रीलिंगी लावलं की संताप. गार्सिया मार्केस यांच्या १९८५ च्या कादंबरीच्या नावात तो पुल्लिंगी आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानात दुसराही वाजतो.

इंग्रजीचं काय झालं ते यावरून कळतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तिन्ही लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. बाईला 'वीफ' म्हणत, ते नपुंसकलिंगी. त्यालाच 'मान' जोडून 'वीफमान' केलं की पुल्लिंगी, कारण शेवटचा शब्द पुल्लिंगी. आजच्या 'वुमन'चा हा पूर्वज. 'द'च्या जागी तीन वेगळे शब्द होते आणि ते विभक्तीप्रमाणे बदलत. इंग्रजी बोलणारा शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर देतो, शेपूट तोंडातल्या तोंडात राहते. आ, उ, अन असे वेगवेगळे शेवट हळूहळू एकाच पुसट स्वरात विरले. उत्तरेकडे स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांशी रोजचा व्यवहार होता. दोघांच्या भाषांची मुळं एक, शेपट्या वेगळ्या, तेव्हा समजुतीसाठी शेपट्याच गळाल्या असं पुष्कळ अभ्यासक मानतात. दहाव्या शतकातल्या उत्तरेकडच्या हस्तलिखितांत लिंगांची गडबड सुरू झालेली दिसते. पीटरबरोच्या मठातली बखर ११५४ पर्यंत येते, तिच्या शेवटच्या पानांत जुनी व्यवस्था जवळजवळ मोडलेली आहे. दक्षिणेला केंटमध्ये मात्र १३४० च्या एका ग्रंथात तिचे अवशेष सापडतात. तिन्ही उपपदांचं एक 'द' झालं, विशेषणं हलेनाशी झाली. शेजारी मुके झाले, मग लिंग सांगणार कोण? यात इंग्रजांचा शहाणपणा किंवा पुढारलेपणा बघणारे लोक भेटतात. मला दिसते ती झीज, उंबऱ्याचं लाकूड झिजतं तशी.

अनेकवचनाचंही तेच. पूर्वी पाच-सात तऱ्हा होत्या, त्यातला 'स' जिंकला. ऑक्सन, फीट, माइस हे मागे राहिलेले. 'चिल्ड्रन'मध्ये तर दोन अनेकवचनं एकावर एक चढवलेली आहेत. आपण 'पेपर्सं' म्हणतो, तसं.

जहाजाला 'शी' म्हणण्याची इंग्रजांची हौस हा जुन्या व्याकरणाचा अवशेष नाही, ते खलाशांचं लाडीक बोलणं. लंडनच्या लॉइड्स लिस्ट या १७३४ पासूनच्या वृत्तपत्राने २००२ मध्ये जहाजांना 'इट' म्हणायचं ठरवलं, त्यावर केवढी पत्रं आली!

खुर्च्या-टेबलांचं लिंग कुणाला दुखत नाही. खरी बाचाबाची होते ती माणसांच्या नावांवर. फ्रेंचमध्ये मंत्री, अध्यक्ष, प्राध्यापक हे शब्द पुल्लिंगी होते, कारण त्या खुर्च्यांवर पुरुषच बसत. १९८४ मध्ये लेखिका बनवात ग्रूल्त यांच्या अध्यक्षतेखाली हुद्द्यांची स्त्रीलिंगी रूपं ठरवायला सरकारने समिती नेमली, अकादमीने नाक मुरडलं. अकादमी १६३५ ची, आणि तिच्यात पहिली स्त्री, मार्गरीत युर्सनार, निवडून आली १९८० मध्ये. यावरून काय ते समजावं. २०१४ मध्ये संसदेत एका खासदाराने पीठासीन अध्यक्षबाईंना "मादाम ल प्रेझिदाँ" असं पुल्लिंगात संबोधलं. त्यांनी समज दिली, तरी त्याने तेच चालू ठेवलं आणि महिन्याच्या भत्त्याचा चौथा हिस्सा दंड भरला. उपपदाच्या एका स्वरासाठी! अकादमीने स्त्रीलिंगी रूपांना मान्यता दिली ती २०१९ च्या फेब्रुवारीत.

आपल्याकडे २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'मधल्या पतीचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली आणि विरली. कारण मराठीत नामाने हट्ट धरला तरी क्रियापद त्याचं ऐकत नाही. राष्ट्रपती आल्या, डॉक्टर म्हणाल्या, वकील उशिरा पोचल्या. उलट 'व्यक्ती' म्हटलं की समोर पैलवान असला तरी "ती व्यक्ती आली", अगदी लॅटिन 'पेर्सोना'च्या लेकींसारखं. कोकणीत तर तरण्या पोरीलाही नपुंसकलिंगी ठेवतात, तें चेडूं आयलें. त्या जुन्या इंग्रजी 'वीफ'ची ही दूरची मैत्रीण.

क्रियापदाच्या या चहाडीमुळे मराठीत मला लपताही येत नाही. हाच लेख इंग्रजीत लिहिला असता तर मी बाई की बुवा, शेवटपर्यंत कळलं नसतं. इथे पहिल्या परिच्छेदातच "दुरुस्त करत होते" म्हणून फुटले. कोल्हापूरची असते आणि "मी आलो" म्हणून मोकळी झाले असते, तर काही काळ तरी निभावलं असतं.

पोरीला यातलं थोडं सांगितलं. पिझ्झ्याचं स्पष्टीकरण तिला पटलं नाही. शाळेचा आ आणि घोड्याचा आ वेगळे ओळखायचे कसे, हा तिचा प्रश्न होता. "ऐकून," मी म्हटलं. "ते चीटिंग आहे," ती म्हणाली. तिथे माझ्याजवळही पुढचं उत्तर नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी मात्र तिने डब्यातून उकडलेलं एक काढून घेतलं आणि माझ्याकडे बघून मुद्दाम "अंडं" म्हणाली, अनुस्वारावर जरा जास्तच जोर देऊन.

परवा तिने तिकडचे फोटो धाडले. खाली मराठीत लिहिलं होतं, "माझा मेल मिळाला का?"

"मिळाली," मी कळवलं.